सीट वर घ्या, मग बाकीचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा. पत्र लिहिणाऱ्या ताई नाशिकच्या, वय ४७, शाळेत शिक्षिका. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, त्याची हायब्रिड सायकल (सरळ हँडलची, रोडबाइक आणि माउंटन बाइकच्या मधली) घरात पडून होती, ती त्यांनी चालवायला घेतली. रोज शाळेत जाऊन-येऊन १२ किलोमीटर, रविवारी गंगापूर धरणाच्या दिशेने जमेल तेवढं. आषाढीआधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते, तिच्यात एकदा जायची मनापासून इच्छा आहे. पण अर्ध्या तासात बैठक दुखायला लागते, दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, चढावर गुडघ्याची वाटी ठणकते. दुकानदाराने दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट खाली करून दिली, वर जेलचं कव्हर घातलं. तरी दुखतंच म्हणून सीटचं टोक थोडं खाली झुकवून दिलं. यजमान म्हणतात, या वयात कशाला. सायकल ग्रुपमधली मुलं म्हणतात, काकू, रोडबाइक (वाकड्या हँडलची, शर्यतीच्या धाटणीची सायकल) घ्या. ताईंना वाटतं, आपलंच वजन आणि वय आड येतंय, वडील तर साध्या सायकलवर तासन् तास फिरायचे आणि त्यांना कधी काही झालं नाही. सायकल विकावी तर मुलाला वाईट वाटेल. ताईंची उंची पाच फूट दोन इंच, मुलाची पाच फूट नऊ.

ताई,

तुम्ही तीन दुखणी लिहिलीत आणि तिन्हींचं खापर स्वतःवर फोडलंत. मधेच एक वाक्य मात्र सहज लिहून पुढे गेलात: दुकानदाराने पाय टेकतील अशी सीट खाली करून दिली. मी तिथेच अडले. माझ्या मते तुम्हाला तीन दुखणी नाहीतच. एकच आहे, आणि ते त्या वाक्यापासून सुरू होतं.

सायकलवर आपलं वजन तीन जागी वाटलं जातं: पॅडल, सीट आणि हँडल. पाय पॅडल दाबतात तेव्हा ते शरीराला थोडं वर उचलूनही धरतात, म्हणून सीटवरचा भार हलका होतो. सीट खूप खाली असली की पाय कधी पुरते लांबच होत नाहीत. त्यांचा जोर कमी पडतो आणि तुम्ही सीटवर पोतं ठेवल्यासारख्या बसता. वर गुडघा जास्त वाकलेला असताना जोर लावावा लागतो, त्यामुळे वाटीच्या मागे दाब वाढतो. गुडघा पुढून, वाटीपाशी दुखतो त्याचं सायकलवरचं पहिलं संशयित कारण खाली असलेली सीट हेच. बैठक दुखली म्हणून मऊ कव्हर आलं. त्यानेही भागलं नाही म्हणून सीटचं टोक खाली झुकलं. टोक झुकलं की माणूस पुढे घसरतो, आणि घसरू नये म्हणून हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून अल्नर नावाची नस जाते. ती दबली की बरोबर तीच दोन बोटं बधिर होतात, जी तुम्ही लिहिलीत. एका उपायाने झालेलं दुखणं दुसऱ्या उपायाने तिसरीकडे ढकललं गेलं, एवढंच झालंय.

दुकानदाराला मी बोल लावणार नाही. गिऱ्हाईक घाबरलंय, पाय टेकले की त्याला धीर येतो, हे त्याने बरोबर ओळखलं. आपण सगळे लहानपणी तसेच शिकलो. पण सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही तळपाय सपाट टेकणं ही थांबलेल्या सायकलची सोय आहे. चालत्या सायकलला तिचा उपयोग नाही, आणि तुम्ही सायकल घेतलीत ती चालवायला.

तर सुरुवात इथून. सायकल भिंतीला लावा किंवा यजमानांना धरायला सांगा (या निमित्ताने त्यांनाही काम मिळेल). शाळेत जाताना घालता तेच बूट किंवा सँडल घाला, कारण तळव्याच्या जाडीने माप बदलतं. सीटवर नीट, मध्यभागी बसा. एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला कलू न देता. आता टाच काढून चवडा ठेवा, म्हणजे बोटांमागचा रुंद भाग. गुडघ्यात हलकासा बाक राहील. साधारण २५ ते ३५ अंश, पण कोन मोजत बसू नका, डोळ्याला कळतो. ही तुमची सुरुवातीची उंची.

आकड्यांवर विश्वास असेल तर तोही मार्ग आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, जाड पुस्तक जांघेत घट्ट वर धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणा. जे येईल तेवढं अंतर पॅडलचे दांडे ज्या आसावर फिरतात तिथपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत ठेवायचं, सीटच्या दांडीच्या रेषेत मोजून. समजा माप ७२ सेंटिमीटर आलं, तर उत्तर साडेत्रेसष्टच्या आसपास. टाचेची पद्धत आणि हा आकडा यांत सेंटिमीटरभर फरक पडला तर टाचेचं ऐका. आकड्याला तुमच्या बुटाचा तळवा दिसत नाही.

सीट एकदम वर घेऊ नका. गुडघ्याला आणि मनालाही झेपायचं नाही. तीन-चार दिवसांनी अर्धा सेंटिमीटर, असं चढत जा. सीटच्या दांडीवर आजची उंची इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीने खूण करून ठेवा, म्हणजे चुकलं तर परत येता येतं. दांडीवर कंपनीने कोरलेली एक रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसू लागली की त्यापुढे वर घ्यायचं नाही, दांडी मोडू शकते. तुमच्या उंचीला त्या मोठ्या फ्रेमवर तशी वेळ यायची नाही, पण हे वाचणाऱ्या कुणा उंच माणसावर येईल. किती वर म्हणजे फार वर? मागून कुणाला तरी बघायला सांगा. पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा गुडघा मागच्या बाजूने दुखायला लागला, तर थोडं खाली या.

आता तुमची खरी भीती. द्वारका सर्कलला सिग्नल पडला, पाय टेकत नाहीत, मागून रिक्षा. ही भीती खोटी नाही, पण तिचं उत्तर सीट खाली करण्यात नसून थांबायची पद्धत बदलण्यात आहे. ब्रेक दाबत आणतानाच सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय खालच्या पॅडलवर, दुसरा रस्त्यावर, आणि सायकल दोन पायांच्या मध्ये. निघताना एक पॅडल पुढे-वर आणून ठेवायचं, त्यावर जोर देऊन उभं राहायचं आणि सायकल चालू लागली की सीटवर बसायचं. शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानावर हे घोटून घ्या, पोरं बघत असली तरी. हे अंगवळणी पडेपर्यंत सीट योग्य उंचीपेक्षा एखाद-दीड सेंटिमीटर खाली राहिली तरी चालेल. पाच सेंटिमीटर खाली नको.

उंची बसली की मगच सीटचा कल. सीट सपाट करा. मोबाइलमध्ये लेव्हल दाखवणारी सोय असते. सीटवर एक पातळ पुस्तक लांबीच्या दिशेने ठेवा, त्यावर मोबाइल. सपाट सीटवर पुढे बोचत असेल तर टोक एक-दोन अंश खाली न्यायला हरकत नाही. दुकानात झुकवून दिलंय ते बहुधा याच्या कितीतरी पुढे गेलेलं असणार. पुढे घसरल्यासारखं वाटतंय का, हात रेटतायत का, एवढं पाहा. उत्तर हो आलं तर टोक वर घ्या.

आणि ते जेलचं कव्हर काढून टाका. मला ठाऊक आहे, हे वाक्य सगळ्यांत उलटं वाटेल. आपलं बसणं दोन हाडांवर असतं, बैठकीखाली हाताने चाचपली तर लागतात. सायकलवर भार त्या दोन हाडांनी घ्यायचा असतो. फार मऊ गादीत ती हाडं रुततात आणि मधली गादी वर येऊन मधल्या नाजूक भागाला दाबते. तिथे हाड नाही, नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. पहिली दहा मिनिटं छान वाटतं, अर्ध्या तासाने कळ येते. तुमचं पत्रही अर्धा तासच म्हणतं.

तुमच्या वडिलांचीच सायकल घ्या. काळी, चोवीस इंची वगैरे असेल, चामड्याची सीट, खाली स्प्रिंगा. ती सीट मऊ नव्हती. ताणून बसवलेलं चामडं होतं, टोकाशी नट असायचा, चामडं सैल पडलं की तो फिरवून ताणायचा. या प्रकारच्या सीटचं सर्वांत गाजलेलं नाव इंग्लंडच्या ब्रुक्स कंपनीचं. घोडा मेल्यावर जॉन ब्रुक्सने सायकल घेतली, तिच्यावर बसवेना, म्हणून त्याने १८८२ साली स्वतःच्या सीटचं पेटंट घेतलं, असं कंपनी सांगते. म्हणजे बूड दुखणं हा प्रश्न तुमच्या वयाइतका नाही, सायकलइतका जुना आहे. वडिलांना त्रास झाला नाही याचं दुसरं कारण त्यांची बसण्याची ठेवण. त्या सायकलचं हँडल उंच आणि आपल्याकडे वळलेलं, पाठ ताठ, जवळजवळ सगळा भार मागच्या दोन हाडांवर. त्याला रुंद, स्प्रिंगांची सीट शोभते. हायब्रिडवर तुम्ही किंचित पुढे झुकता, भार पुढे सरकतो, म्हणून सीट जरा अरुंद आणि घट्ट लागते. वडील काटक होते यात शंका नाही, पण ती तुलना दोन माणसांची नाही, दोन बसण्यांची आहे.

सीट बदलावी का? आधी उंची आणि कल सुधारून दोन-तीन आठवडे चालवा. सवय नसलेल्या बैठकीच्या हाडांना पहिले काही दिवस ठणका लागतोच. तो हाडांवर असेल आणि रोज कमी होत असेल तर चिंता नको. दुखणं मधोमध असेल किंवा बधिरपणा येत असेल, तर मात्र सीट तुमच्या मापाची नाही. बहुतेक हायब्रिड सायकलींवर कंपनी एकच सीट बसवून देते, आणि बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. माप घरी घेता येतं. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, थोडं पुढे झुका, टाचा उचला, मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत जे अंतर, त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. साधारण तेवढी रुंद सीट, मधे खाच किंवा पोकळी असलेली, मागून घ्या. बदलून देणारा दुकानदार मिळाला तर उत्तम, कारण सीट कागदावर कधीच कळत नाही.

पॅडची सायकल-चड्डी पंजाबी ड्रेसच्या सलवारीआतही घालता येते, शाळेत जाताना कुणाला कळत नाही. मात्र तिच्या आत दुसरं अंतर्वस्त्र घालायचं नाही. त्याच्याच शिवणी घासतात आणि पॅडचा सगळा उपयोग जातो. हे दुकानात कुणी सांगत नाही, बायकांना तर नाहीच. घरी पोहोचलात की ती लगेच बदला, ओल्या चड्डीत बसून चहा पिऊ नका.

सीट पुढे-मागे सरकवण्याबद्दल थोडं. मोठ्या फ्रेमवर हँडल लांब पडतं, मग सगळे सीट पुढे ढकलतात. तसं करू नका. सीटची जागा गुडघ्यासाठी ठरवायची, हातांसाठी नव्हे. सीट पुढे गेली की हातांवरचा भार उलट वाढतो. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर आणा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरीला नट बांधून ओळंबा सोडा. दोरी पॅडलच्या आसाच्या आसपास पडली की झालं. हा काही निसर्गनियम नाही, सुरुवात करायला बरी खूण आहे. कल आणि पुढे-मागे बहुतेक सायकलींत एकाच बोल्टवर असतं, म्हणून एक बदलताना दुसरं हलतं. सीटखालच्या सळ्यांवर आधी मार्करने खूण करा.

हातांचं बहुतेक दुखणं एवढ्यावर निम्मं व्हावं. उरलेल्यासाठी ब्रेकच्या मुठी, म्हणजे बोटांनी दाबतो ते दांडे, बघा. त्या बऱ्याचदा जमिनीला समांतर बसवलेल्या असतात, त्यामुळे बोटं टाकताना मनगट वर मोडतं. अ‍ॅलन-कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) बोल्ट सैल करून मुठी खाली फिरवा, इतक्या की कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ होईल. मुठीच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते, लहान हातांना ते फार गरजेचं. नंतर ब्रेक दाबून पाहायला विसरू नका. मूठ ग्रिपला टेकायच्या आत चाक थांबलं पाहिजे.

हँडल वर किंवा जवळ आणायचं तर स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तो आडवा तुकडा, उलटा करून बसवता येतो किंवा आखूड मिळतो, नव्वद मिलिमीटरच्या जागी साठ. हे काम मेकॅनिककडून करून घ्या, कारण तिथले बोल्ट चुकीच्या क्रमाने आवळले तर पुढचं चाक धरणारा फोर्क ढिला राहतो. टायरची हवा दगडासारखी ठेवत असाल तर कमी करा. टायरच्या बाजूला छापलेल्या दोन आकड्यांच्या मधली, खालच्या बाजूची, तुमच्या वजनाला पुरते, आणि गतिरोधकांचे अर्धे धक्के टायरच खाईल.

एका वेळी एकच गोष्ट बदला. उत्साहात रविवारी सकाळी सगळं बदललंत तर संध्याकाळी गुडघा कशाने दुखतोय ते कळणार नाही.

आता सायकलच्या मापाचा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. तुमच्यापेक्षा सात इंचांनी उंच माणसासाठी घेतलेली सायकल तुम्ही चालवताय. कुणी मुलाचा चष्मा लावून डोकं दुखतंय म्हणालं, तर त्याला आपण वय झालं असं म्हणत नाही. आडवी दांडी दोन पायांच्या मध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकून उभ्या राहा. दांडी आणि जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटरची तरी मोकळीक हवी. ती नसेल तर अचानक थांबताना लागेल, आणि हा मुद्दा कोणत्याही पान्याने सुटत नाही. मोकळीक असेल, सीट योग्य असेल, आखूड स्टेम बसवला असेल आणि तरीही कोपर ताठ करूनच हँडल गाठावं लागत असेल, तर फ्रेम मोठी आहे. तेव्हा सायकल विका, अपराधी वाटून न घेता. मुलाला वाईट वाटेल असं तुम्ही लिहिलंत, पण त्याला विचारल्याचं लिहिलं नाहीत. विचारा. बहुतेक मुलांना आपली जुनी सायकल दिवाळीला घरी आल्यावर, आणि तीही वाटेत आडवी आली तर, आठवते. आईला दुखतंय हे कळलं तर तो स्वतःच जाहिरात टाकेल.

नवी घ्यायची वेळ आली तर रोडबाइकची घाई नको. तिच्यात अधिक झुकावं लागतं, म्हणजे हातांवर अधिक भार, आणि तुमची तक्रार हातांचीच आहे. आपल्या मापाची, छोट्या फ्रेमची हायब्रिड, शक्य तर उतरत्या दांडीची, हे मी सुचवेन. चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुण्या-मुंबईत शरीराची मापं घेऊन सायकल बसवून देणारे जाणकार आहेत, त्याला काही हजार लागतात. घरी एवढं करूनही महिन्याभरात फरक पडला नाही, तर तो खर्च नव्या सायकलीच्या खर्चाआधी करा.

यजमानांच्या ‘या वयात’ला एक उत्तर माझ्याकडे आहे. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स, टूर द फ्रान्स ही शर्यत पाच वेळा जिंकलेला. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर त्याला भयंकर अपघात झाला, कंबरेला मार बसला, आणि पुढे तो सायकलवर कधीच पूर्वीसारखा आरामात बसू शकला नाही. शर्यत चालू असतानाही तो सीटची उंची कमी-जास्त करायचा. तेव्हा तो चोविशीत होता.

काही गोष्टी मात्र पान्याने सुटायच्या नाहीत. सायकलवरून उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही बोटं बधिर राहिली, खडू धरताना पकड ढिली वाटली, गुडघा सुजला, किंवा मधल्या भागाचा बधिरपणा टिकून राहिला, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि सायकल चालवते हे त्यांना आपणहून सांगा.

वारीचं म्हणाल तर नाव नोंदवायच्या आधी लागोपाठ दोन दिवस, दोन्ही दिवशी पन्नास-साठ किलोमीटर चालवून पाहा, त्याच सीटवर, त्याच कपड्यांत. पहिला दिवस कुणीही काढतं. दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना तुम्ही काय म्हणता, त्यावर नोंदणीचा निर्णय घ्या. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात सीट, स्टेम, बूट, काही म्हणजे काही बदलू नका.